अख्खं शहर स्टोअररूममधून

"आज कुठल्याही वायरीला हात लावू नकोस," असं बायकोनं निघताना बजावलं, तेव्हा नेटभाऊनं शहाण्या मुलासारखी मान डोलावली. त्याच्या मनात काही पाप नव्हतं. ती घरातल्या वायरींबद्दल बोलते आहे असा त्याचा प्रामाणिक समज होता, आणि घरातल्या वायरींना तो खरोखरच हात लावणार नव्हता. हात लावायचा होता तो ऑफिसातल्या वायरींना. आता घरचं नेट वेगळं, ऑफिसचं नेट वेगळं, त्यांचा एकमेकांशी संबंध येतोच कुठे, असं कुणीही म्हणेल. नेटभाऊही मनातल्या मनात तेच म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला.

बायकोची त्या दिवशी अकरा वाजता मुलाखत होती, आणि तीही घरूनच, व्हिडिओवर. शहरात फायबरची नवी कंपनी आली होती आणि तिच्या तक्रार विभागात एक जबाबदारीची जागा निघाली होती. लेक झाली तेव्हा बायकोनं नोकरी सोडली, ती थोड्या दिवसांसाठी म्हणून. लेक आता आईच्याच शुद्धलेखनाच्या चुका काढायला लागली तरी ते थोडे दिवस संपले नव्हते. मधल्या काळात जिथे जिथे अर्ज केले तिथून 'एवढी वर्षं काय करत होता?' हा एकच प्रश्न आला आणि त्याचं उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही. ही मुलाखत मात्र शेवटच्या फेरीपर्यंत आली होती. त्या कंपनीची एक रीत होती. मुलाखतीच्या शेवटी उमेदवाराला चालू तक्रारींमधला एक खराखुरा फोन जोडून द्यायचा आणि तो कसा हाताळला जातो ते बघत बसायचं. त्या फोनची बायकोला धडकी भरली होती. गेले कित्येक दिवस ती आरशासमोर उभी राहून संतापलेल्या ग्राहकांशी गोड बोलत होती. ही नोकरी तिला मिळावी असं नेटभाऊलाही तिच्याइतकंच वाटत होतं. हल्ली ती हसता हसता मध्येच थांबायची आणि ते त्याला बघवत नसे.

नेटभाऊ दातांच्या लॅबमध्ये कामाला होता. दंतवैद्यांनी पेशंटच्या जबड्याचं स्कॅन इंटरनेटवरून पाठवायचं आणि लॅबनं त्या मापाची कॅप किंवा कवळी करून द्यायची, असा तो धंदा. दोन मिलिंग मशिनं, एक भट्टी, भिंतीला टेकवून ठेवलेली प्लास्टरची पोती आणि सगळ्या वस्तूंवर पिठासारखी बसलेली पांढरी धूळ. मालकीण एक जाड चष्म्याच्या, मोठ्या आवाजाच्या बाई होत्या आणि त्यांना सगळे बाईच म्हणत. मध्यंतरी एकदा लॅबची लाइन अर्धा दिवस बंद पडली आणि एका डॉक्टरांचा पेशंट खुर्चीत ताटकळला. डॉक्टरांनी बाईंना जे सुनावायचं ते सुनावलं आणि बाईंनी त्यात आपली भर घालून ते नेटभाऊला सुनावलं. पुन्हा असं होता कामा नये, एवढाच त्याचा मथितार्थ होता.

नेटभाऊला तेवढंच निमित्त हवं होतं. जुन्या कंपनीची लाइन होतीच, तिच्या जोडीला त्यानं नव्या कंपनीची बिझनेस लाइन घेतली आणि दोन्ही एका नव्या राउटरला जोडून त्यावर बीजीपी चालू केलं. हे बीजीपी म्हणजे काय, ते तो घरी रोज नाश्त्याच्या वेळी बायकोला समजावून सांगत असे, तिनं विचारलेलं नसतानाही. इंटरनेटवरच्या कंपन्या सारख्या एकमेकींना रस्ते सांगत असतात. अमक्या पत्त्यावर जायचंय? मग माझ्याकडून जा. या सांगासांगीला बीजीपी म्हणतात. ज्याच्या दारात दोन लाइनी आहेत अशा लहान माणसानंही ते वापरायला हरकत नसते, फक्त त्यानं एक पथ्य पाळायचं. दोन्ही शेजाऱ्यांना एवढंच सांगायचं की मी इथे राहतो. एकाकडून कळलेले रस्ते दुसऱ्याच्या कानावर घालायचे नाहीत, नाहीतर पलीकडच्या गल्लीत निघालेला प्रत्येक माणूस आपल्या स्वयंपाकघरातून जायला लागतो. असं होऊ नये म्हणून बाहेर जाणाऱ्या माहितीला एक फिल्टर लावतात. बायको हे ऐकत ऐकत लेकीचा डबा भरायची आणि फिल्टरपाशी आलं की "झालं?" असं विचारायची.

त्या सकाळी नवी लाइन राउटरला नीट ओळख दाखवेना. दोष फिल्टरचा आहे का, हे बघायला नेटभाऊनं तो काढला, फक्त मिनिटभरासाठी. लाइन लगेच सुरळीत झाली. फिल्टरमधली एक ओळ चुकली आहे हे त्याच्या लक्षात आलं, ती दुरुस्त करून फिल्टर परत लावायला तो बसला, तेवढ्यात मशीनरूममधून हाक आली. मोठं मिलिंग मशीन अर्ध्या दाढेवर अडकलं होतं. नेटभाऊ उठला, तिकडे गेला, मशीनच्या पोटात हात घालून तुटलेला तुकडा काढला, शाबासकी घेतली, हात धुतले आणि परत येईपर्यंत फिल्टर बिचारा त्याच्या डोक्यातून साफ निघून गेला होता. अशा वेळी दोन्ही फायबर कंपन्यांनी आपापल्या बाजूलाही एक फिल्टर लावलेला असायला हवा. लावतो, असं दोघींनी फोनवर सांगितलंही होतं, पण लावला एकीनंही नव्हता.

परत आल्यावर त्याला पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो आलेख. एरवी जमिनीलगत सरपटणारी रेघ छताला जाऊन टेकली होती. नेटभाऊला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं बाईंना बोलावून रेघ दाखवली. बाईंनी चष्मा वर सरकवून ती बघितली आणि एवढं वर गेलंय म्हणजे चांगलंच असणार, असं ठरवून त्या समाधानानं निघून गेल्या.

त्यांचं समाधान त्यांच्या खुर्चीपर्यंतही टिकलं नाही. एका डॉक्टरांचा फोन आला की स्कॅन पाठवतोय पण जात नाही. मग दुसऱ्यांचा. तिसऱ्या डॉक्टर स्वभावानं गरीब होत्या, त्या म्हणाल्या की घाई नाही, पण पेशंट तोंड उघडं ठेवून बसलाय. बाई केबिनमधून बाहेर आल्या. "नेटभाऊ, रेघ वर आहे ना? मग दात कुठे आहेत?"

नेटभाऊनं विचार केला आणि जे अशा वेळी सगळे नेटवाले करतात तेच केलं. त्यानं लॅबमधल्या माणसांवर संशय घेतला. कुणीतरी सिनेमे उतरवून घेतंय, हे नक्की. एकेकाच्या टेबलाशी जाऊन तो वायर काढून परत लावत गेला, काढताना प्रत्येकाकडे रोखून बघत गेला. शेवटी तो दातांना रंगछटा देणाऱ्या शेडवाल्या काकांपाशी आला. काकांच्या टेबलावर सकाळपासून रात्रीपर्यंत जुनी गाणी चालत.

"काका, ही गाणी बंद करा. तुमच्यामुळे सगळ्यांचं नेट अडलंय," नेटभाऊ चारचौघांत म्हणाला. काकांनी बारीक ब्रश खाली ठेवला, गाणारी वस्तू उचलली आणि त्याच्यापुढे धरली. तो रेडिओ होता. सेलवर चालणारा. बाकीच्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून नेटभाऊचे कान गरम झाले.

त्याच वेळी खिशातला फोन वाजला. बायको होती.

"अरे, आपलं नेट काय झालंय? मी जोडून बघितलं तर चित्र सारखं अडकतंय. आता दहा-पंधरा मिनिटांत सुरू होईल माझं."

त्यानं घाईघाईनं तिला नेहमीचे उपाय सांगितले. राउटर बंद करून चालू कर, जवळ जाऊन बस, बाकीचे फोन बंद कर. ते सगळं तिनं आधीच केलेलं होतं. तिच्या आवाजात रडू नव्हतं, नुसता कोरडेपणा होता, आणि तो त्याला जास्त टोचला. दोन मिनिटांत बघतो, असं सांगून तो स्टोअररूमकडे धावला. घरचं नेट आणि लॅबचं नेट एकाच वेळी बिघडावं, हा योगायोग त्याला आता खटकायला लागला होता.

स्टोअररूममध्ये प्लास्टरच्या पोत्यांच्या वर, फळीवर तो राउटर ठेवलेला होता आणि त्याचे दिवे वेड लागल्यासारखे लुकलुकत होते. नेटभाऊनं लॅपटॉप जोडला आणि आत नेमकं काय वाहतंय ते उघडून बघितलं. त्यात लॅबचं काहीच नव्हतं, किंवा होतं ते शोधूनही सापडेना. होत्या त्या शाळा, दुकानं, एक बँक, एक इस्पितळ, कुणाचे सिनेमे, कुणाचे खेळ, आणि हजारो घरं. जुन्या कंपनीकडून नव्या कंपनीकडे आणि नवीकडून जुनीकडे जायला निघालेलं अख्खं शहर पोत्यांवरच्या या डब्यातून, एकमेकांच्या अंगावर पडत, चाललं होतं. फिल्टर त्याला तेव्हा आठवला. तो मटकन एका पोत्यावर बसला. पोत्यातून पांढरा ढग उठला आणि त्याच्या पँटवर बसला.

त्या गर्दीत त्याला एक ओळखीचा पत्ता दिसला. तो त्याच्या स्वतःच्या घराचा होता. घरचं नेट जुन्या कंपनीचं, मुलाखत नव्या कंपनीत. बायको ज्या रस्त्यानं मुलाखतीला निघाली होती, तो रस्ता नवऱ्याच्या स्टोअररूममधून जात होता.

फिल्टर परत लावायला एक बटण दाबणं पुरेसं होतं. नेटभाऊनं बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. फिल्टर लागला की या डब्यातून जाणारे सगळे रस्ते एकदम बंद होणार, आणि शहराला आपले जुने रस्ते पुन्हा सापडेपर्यंत काही मिनिटं सगळं तुटलेलं राहणार. घड्याळात अकरा वाजून गेले होते. म्हणजे ती मुलाखत घेणाऱ्या तिघा साहेबांसमोर बसली असणार, आणि बोलता बोलता अदृश्य होणार. एवढ्या वर्षांनी कुणीतरी तिचं उत्तर ऐकायला थांबलं होतं, आणि नेमकं तेव्हाच.

आता माणसानं अशा वेळी काय करायला हवं, हे सांगायला शहाणपण लागत नाही. नेटभाऊलाही ते कळत होतं. पण कळणं आणि वळणं यांच्यामध्ये त्याची बायको बसली होती. त्यानं फिल्टर लावला नाही. त्यानं राउटरवर भलतीच एक ओळ लिहिली. आपल्या घरच्या पत्त्याला सगळ्यात पुढे सोडायचं आणि बाकी सगळ्या शहराला मिळून अर्ध्या रुंदीत दाबायचं. बँक अर्ध्यावर, शाळा अर्ध्यावर, लॅबसुद्धा अर्ध्यावर. इस्पितळापाशी त्याचं बोट अडखळलं, म्हणून इस्पितळाला तेवढं मोकळं सोडलं आणि त्यावर स्वतःला चांगला माणूस म्हणवून घेतलं. मिनिटभरात फोनवर बायकोचा निरोप आला: 'आता एकदम स्वच्छ दिसतंय. मधे जोडणी तुटली म्हणून पाच मिनिटं दिली आहेत. पुन्हा सुरू होतंय.' नेटभाऊनं डोळे मिटले. त्याला खरोखरच बरं वाटलं आणि त्याची लाजही वाटली.

अर्धा तास. फक्त अर्धा तास शहरानं कळ काढावी, एवढीच त्याची मागणी होती. शहर कळ काढायला तयार असावं, पण बाई नव्हत्या. त्या फोन कानाला लावूनच स्टोअररूमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नव्या कंपनीच्या तक्रार विभागाला फोन लावला होता. सकाळपासून सगळे तिथेच फोन करत असल्यामुळे त्या बराच वेळ संगीत ऐकत होत्या आणि त्यांचा पारा त्या संगीताबरोबर चढत गेला होता.

"तू इथे पोत्यावर बसून काय करतोयस?" त्या म्हणाल्या. "डॉक्टरांचे फोन थांबत नाहीत. थांब, लागला वाटतं." त्यांनी स्पीकर चालू केला. पलीकडचा माणूस म्हणाला, आपला फोन एका अधिकाऱ्यांकडे जोडून देत आहे, बोलणं ध्वनिमुद्रित होईल. मग खुट्ट असा आवाज झाला.

"नमस्कार. आपली तक्रार मी ऐकते आहे. सांगा."

नेटभाऊनं चमकून फोनकडे बघितलं. हा आवाज तो रोज ऐकत होता, फक्त इतका गोड नाही.

बाईंनी सुरुवात केली आणि मग त्यांना थांबवणं शक्य नव्हतं. बिझनेस लाइन म्हणून जास्तीचे पैसे भरायचे आणि स्कॅन येत नाहीत म्हणजे काय, पेशंट किती वेळ तोंड उघडं ठेवणार, उद्या जबडा आखडला तर कंपनी भरून देणार का. पलीकडून मध्ये मध्ये फक्त "हो" आणि "बरोबर आहे" येत होतं. मग पलीकडून विचारलं गेलं, आपण कुठून बोलता?

"दातांची लॅब आहे आमची."

पलीकडे शांतता पसरली. बाईंना वाटलं, ती लिहून घेते आहे. नेटभाऊला ती शांतता ठाऊक होती. घरात ती पडली की तो आपणहून दुसऱ्या खोलीत जात असे. इथे दुसरी खोली नव्हती, आणि दारात बाई होत्या.

"आपल्याकडे आमच्याशिवाय आणखी एका कंपनीची लाइन आहे का?"

"आहे ना. आमच्या माणसानं दोन्ही जोडून काहीतरी केलंय. काय रे म्हणतात त्याला?"

"बीजीपी," नेटभाऊ पुटपुटला.

"त्यांना फोन द्या जरा."

बाईंनी फोन दिला नाही, नुसता त्याच्या तोंडापुढे धरला, कारण त्यांनाही ऐकायचं होतं. नेटभाऊ पोत्यावरून उठून उभा राहिला. पलीकडे बायकोशेजारी, पडद्यावर का होईना, कंपनीचे तिघं साहेब बसलेले आहेत आणि एकेक शब्द तोलताहेत, हे त्याला माहीत होतं.

"नमस्कार, सर."

"नमस्कार... मॅडम."

"आज सकाळी आपण राउटरमध्ये काही बदल केला का, सर?"

"किरकोळ."

"बाहेर जाणारा फिल्टर काढला होता?"

बाईंनी नेटभाऊकडे बघितलं. नेटभाऊनं राउटरकडे बघितलं. "हो."

"परत लावला?"

"मशीन अडकलं होतं," नेटभाऊ म्हणाला. आपण काय बोललो हे त्याला स्वतःलाही कळलं नाही.

"म्हणजे आमच्या आणि दुसऱ्या कंपनीच्या मधला सगळा रस्ता आत्ता आपल्याकडून जातोय. आपल्याला हे आत्ता कळतंय, की आधीच कळलंय?"

खोटं बोलायची ही चांगली संधी होती. पण लग्न झाल्यापासून त्याला या आवाजाशी खोटं बोलणं एकदाही जमलं नव्हतं. "थोडा वेळ झाला," तो म्हणाला.

"मग चालू का ठेवलंय, सर?"

हे कसं सांगायचं? एकीकडे बाई, दुसरीकडे तीन साहेब, आणि मध्ये हा आवाज. तो आवाज बोलत होता घरातून, येत होता समोरच्याच डब्यातून, आणि साऱ्या शहराची वाट दाबून त्याला मोकळी वाट नेटभाऊनंच करून दिली होती. नेटभाऊच्या कपाळावर घाम आला आणि प्लास्टरच्या धुळीत मिसळून तो डोळ्यांवर यायला लागला.

"मॅडम, या रस्त्यानं एका माणसाचं फार महत्त्वाचं काम चाललंय. फिल्टर लावला तर ते मध्येच तुटेल. ते संपलं की लगेच लावतो."

"कोणाचं काम?" बाईंनी विचारलं. पण फोनमधला प्रश्न आधी आला.

"त्या एका माणसासाठी आपण बाकीच्यांना अडवून धरलंय?"

"हो."

"त्या माणसाला विचारलंत?"

"नाही."

"विचारायला हवं होतं, सर." आवाज तसाच गोड होता, फक्त किंचित घोगरा झाला होता. "त्या माणसाला हे असं नको असेल. एवढ्या लोकांचं अडवून मिळालेलं काही त्याला घरी घेऊन जाववणार नाही."

"मॅडम, अशी संधी पुन्हा येणार नाही. फार वर्षांनी आलीय." नेटभाऊचा आवाज फुटला. बाई आळीपाळीनं फोनकडे आणि त्याच्याकडे बघायला लागल्या. राउटरबद्दल बोलताना माणूस एवढा गहिवरू शकतो, हे त्यांना माहीत नव्हतं.

"लावा फिल्टर. आत्ता. काय होईल ते मला माहीत आहे. मी शेवटपर्यंत..."

नेटभाऊनं बटण दाबलं. शेवटपर्यंत काय, ते कळलं नाही. फोनमधून एक बारीक खरखर आली आणि मग काहीच आलं नाही. राउटरचे दिवे एकदम थंडावले, आलेखाची रेघ कड्यावरून पडावी तशी खाली आली आणि स्टोअररूममध्ये अशी शांतता झाली की पलीकडून काकांच्या रेडिओवरचं गाणं ऐकू यायला लागलं. तो पोत्यावर परत बसला. आपण तिला आत्ता बोलता बोलता पुसून टाकलं, एवढंच त्याला कळत होतं.

काही वेळानं मशीनरूममधून ओरडा झाला. स्कॅन यायला लागली होती, एकामागून एक, सकाळपासूनची सगळी. बाईंचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. त्या हातातल्या मुक्या फोनकडे बघत होत्या.

"बघितलंस? ठेवून दिला मधेच. ग्राहकाशी बोलताना वाक्य अर्धवट टाकून फोन ठेवते म्हणजे काय? आणि तुला किती बोलली ती. असल्या बायकांना घेतात कशाला नोकरीवर? थांब, तिच्या वरच्यालाच सांगते."

आणि नेटभाऊ तोंड उघडेपर्यंत त्यांनी फोन परत लावलाही. आता तक्रारीच थांबल्यामुळे संगीत वगैरे काही नव्हतं, फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला. मला तुमचे साहेब द्या, आत्ता ज्या बाई बोलत होत्या त्यांच्याबद्दल सांगायचंय, असं बाई म्हणाल्या. साहेब लगेच आले. ते जणू वाटच बघत होते.

नेटभाऊनं बाईंच्या हाताला धरलं. बाईंच्या हाताला लॅबमध्ये कुणी कधी धरलेलं नव्हतं. "बाई, ती माझी बायको होती," तो अगदी हळू म्हणाला. "तिची मुलाखत चालली होती. तिच्याचसाठी मी ते चालू ठेवलं होतं. फोन तिनं ठेवला नाही, मी तोडला. ती तोड म्हणाली म्हणून तोडला."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. फोनमधून साहेब "हॅलो, हॅलो" करत होते. बाईंना हिशेब जुळवायला जरा वेळ लागला. एक माणूस, एक फिल्टर, एक बायको, आणि तोंड उघडं ठेवून बसलेले पेशंट. मग त्यांनी घसा साफ केला.

"हॅलो. हां, मी दातांच्या लॅबमधून. त्या बाईंबद्दल एवढंच सांगायचं होतं की त्यांनी आमचं काम करून दिलं. चूक आमच्याच माणसाची होती. मूर्ख आहे तो, पण वाईट नाही. बाईंना मात्र तुम्ही ठेवून घ्या. त्यांच्यापुढे तो खरं बोलतो, आमच्यापुढे नाही." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि नेटभाऊला सांगितलं की आता घरी जा, पण त्याआधी काकांची माफी माग. ती त्यानं मागितली. काकांनी ब्रशमधून डोकं वर न काढता ती स्वीकारली.

घराच्या दारात तो बराच वेळ उभा राहिला. आत बायको मुलाखतीच्याच साडीत, मुलाखतीच्याच खुर्चीवर बसली होती. समोरचा लॅपटॉप बंद होता. तिनं नेटभाऊच्या अंगावरची पांढरी धूळ बघितली.

"झालं का सगळं सुरळीत शहराचं?" तिनं विचारलं.

"झालं. तुझं?"

"पुन्हा जोडलं गेलं थोड्या वेळानं. त्यांनी विचारलं, तीन प्रश्नांत दोष कसा ओळखला? आमची माणसं सकाळपासून शोधताहेत."

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं ते. म्हटलं, त्या माणसाशी माझं लग्न झालंय. रोज नाश्त्याला हेच ऐकते."

नेटभाऊनं कपाळाला हात लावला. बायकोनं पुढचं जरा सावकाश सांगितलं, कारण तिलाही ते अजून खरं वाटत नव्हतं. तिघं साहेब एकमेकांकडे बघत बसले. मग त्यांनी तिला थांबायला सांगून आवाज बंद केला, चित्र तेवढं चालू राहिलं. तिघंही हसत होते, त्यातल्या एकाला तर डोळे पुसावे लागले. मग आवाज परत आला आणि मोठे साहेब म्हणाले, स्वतःची मुलाखत बुडतेय हे दिसत असताना ग्राहकाला बटण दाबायला लावणारं माणूस आम्हाला हवंच आहे, एक तारखेपासून या. हे सांगताना बायको हसली, आणि मध्येच थांबली नाही. नेटभाऊ तिच्या शेजारी जमिनीवरच बसला आणि त्याला भरून आलं. ती म्हणाली, आधी पँट झटक.

"अट आहे एक," ती थोड्या वेळानं म्हणाली. "दोन लाइनींवर बीजीपी चालवणारे जेवढे ग्राहक आहेत ना, ते माझ्याकडे. यापुढे त्यांनी राउटरमध्ये काहीही बदलायचं म्हटलं तर आधी लेखी मागणी करायची. मी मंजूर केली तरच हात लावायचा."

"असे किती ग्राहक आहेत?"

"सध्या एकच आहे."

एक तारीख आली, गेली. नेटभाऊला राउटरवर एक लहानशी सुधारणा करायची होती, अगदीच किरकोळ. त्यानं रीतसर मागणी पाठवली. दुपारी उत्तर आलं: 'नामंजूर. कारण पुरेसं दिलेलं नाही.' संध्याकाळी जेवताना त्यानं विषय काढून बघितला, तेव्हा समोर बसलेल्या अधिकाऱ्यांनी आमटी वाढता वाढता सांगितलं की ऑफिसचं ऑफिसच्या वेळात. दुसऱ्या दिवशी त्यानं ते उत्तर पुन्हा नीट वाचलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की निर्णय मान्य नसल्यास ग्राहकाला वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे दाद मागता येईल. वरिष्ठ अधिकारी म्हणून पुढे जे नाव होतं, तेही तिचंच होतं. नेटभाऊनं लॅपटॉप पुढे ओढला आणि 'आदरणीय मॅडम' असं लिहून सुरुवात केली.